पडद्यावरचा मी

(मोबाइल किंवा संगणकावरील खेळ खेळताना आपण पडद्यावरील एका पात्राच्या रूपाने वावरतो. त्या पात्राशी आपले नाते कसे जुळते आणि त्याचा आपल्या मनावर व वागण्यावर काय परिणाम होतो, हे लेखकाने या पाठात एका विद्यार्थ्याच्या अनुभवातून समजावून सांगितले आहे.)



तुम्ही मैदानावरून खेळून आला आहात. केस विस्कटलेले आहेत, शर्टाचे बटण तुटले आहे, पाय धुळीने भरले आहेत. अशा वेळी शेजारच्या मराठी काकू तुम्हांला काय म्हणतील? त्या म्हणतील, "अरे, हा काय अवतार करून आलास!"

मराठीत 'अवतार' हा शब्द असा रोजच्या बोलण्यात येतो. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ आहे 'खाली उतरणे'. हिंदूंच्या धर्मकथांत देव माणसाचे किंवा प्राण्याचे रूप घेऊन पृथ्वीवर येतो, त्याला अवतार म्हणतात. हाच शब्द पुढे संगणकाच्या खेळांत गेला. १९८५ साली अमेरिकेतील रिचर्ड गॅरियट यांनी आपल्या 'अल्टिमा' या खेळमालिकेच्या चौथ्या भागात तो वापरला. त्यानंतर १९८६ च्या सुमारास 'हॅबिटॅट' नावाचा खेळ तयार झाला. त्यात लोक टेलिफोनच्या तारेने आपापले संगणक जोडून एकाच काल्पनिक जगात वावरत. पडद्यावर प्रत्येकाची एक छोटी आकृती असे. त्या आकृतीला 'अवतार' म्हणू लागले. आज तुम्ही मोबाइलवरच्या खेळात ज्या पात्राला पळवता, लपवता, लढवता, तेही असाच एक अवतार आहे.

हा अवतार म्हणजे नेमके कोण? ते एक चित्र आहे, खेळणे आहे, की आपण स्वतःच आहोत? या प्रश्नाचा मी कधी विचार केला नव्हता. माझ्या एका विद्यार्थ्याने मला तो करायला लावला.

तो नववीत होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसे. मराठीच्या तासाला मी प्रश्न विचारला की त्याची मान खाली जाई. उत्तर येत असले तरी तो नुसता उभा राही. चूक झाली तर मुले हसतील, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे.

एकदा मगरिबच्या नमाजानंतर मी घरी चाललो होतो. गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर चारपाच मुले मोबाइल घेऊन बसली होती. त्यांतला एक आवाज खणखणीत होता. "तू डावीकडून जा! तू इथेच थांब! घाबरू नकोस, मी येतो!" बाकीची मुले निमूटपणे त्याचे ऐकत होती. मी वळून पाहिले. तो माझा शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी होता.

पुढे काही महिन्यांनी त्याचा फोन बिघडला. दुरुस्त करताना त्यातील सर्व माहिती पुसावी लागली. त्याने खेळात आपल्या नावाची नोंद केली नव्हती. तो केवळ 'पाहुणा' म्हणून खेळत होता. त्यामुळे दोन वर्षे जपलेले पात्र कायमचे गेले. दोन दिवस तो शाळेत आला नाही. त्याचे अब्बा मला भेटले आणि म्हणाले, "सर, फोन दुरुस्त झाला, तरी हा नीट जेवत नाही. तुम्हीच समजवा."

तिसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावले आणि हसत म्हणालो, "अरे, एक चित्रच तर होते ना?"

त्याने प्रथमच माझ्या डोळ्यांत पाहिले. तो म्हणाला, "सर, ते चित्र नव्हते. तो मी होतो."

माझे हसणे जागच्या जागी थांबले. बी.एड. करताना मी मानसशास्त्र शिकलो होतो. पण या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग मी या विषयावर वाचू लागलो. मला जे समजले, ते तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की 'मी' आणि 'माझे' यांच्यामधील रेषा फार पुसट असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात हे सांगून ठेवले आहे. माणसाचे कपडे, त्याचे घर, त्याची माणसे, त्याच्या हातचे काम हे सर्व त्याच्या 'मी'चाच भाग होतात, असे त्यांचे म्हणणे होते. तुमच्या नव्या बुटांवर कोणी मुद्दाम पाय दिला तर राग का येतो? पाय बुटावर पडतो, पण लागते आपल्याला. मग ज्या पात्राचे नाव आपण ठेवले, कपडे आपण निवडले आणि ज्याला दोन वर्षे आपण सांभाळले, ते गेल्यावर दुःख होणारच. अशा वेळी हसणाऱ्या मोठ्या माणसांचेच चुकते. माझेही चुकले होते.

दुसरी गोष्ट आपल्या मेंदूची आहे. १९९८ साली दोन शास्त्रज्ञांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला टेबलाजवळ बसवून त्याचा खरा हात एका आडोशामागे लपवला. त्याच्यासमोर रबराचा हात ठेवला. मग खऱ्या आणि रबरी अशा दोन्ही हातांवरून एकाच वेळी ब्रश फिरवला. थोड्या वेळाने अनेकांना तो रबरी हात आपलाच वाटू लागला! डोळ्यांना जे दिसते आणि शरीराला जे जाणवते, ते एकाच क्षणी घडले की मेंदू दोहोंची सांगड घालतो. खेळातही काहीसे असेच होते. तुमचा अंगठा हलतो आणि त्याच क्षणी पात्र उडी मारते. असे हजारो वेळा झाल्यावर तुम्ही "माझे पात्र पडले" असे म्हणत नाही. तुम्ही म्हणता, "मी पडलो!"

मात्र सर्वांचेच आपल्या पात्राशी असे नाते नसते. जेमी बँक्स या संशोधिकेने २०१५ साली खेळणाऱ्यांच्या मुलाखतींवरून चार प्रकारची नाती सांगितली आहेत. काहींना पात्र हे कॅरमच्या स्ट्रायकरसारखे नुसते साधन वाटते. काम झाले की ते विसरतात. काहींना ते पात्र म्हणजे आपणच आहोत असे वाटते. काहींच्या बाबतीत खेळणारा आणि पात्र एकमेकांत मिसळून काही नवेच घडते. आणि काहींना ते पात्र एखाद्या मित्रासारखे, स्वतःहून वेगळे असे वाटते. तुमचे नाते यांपैकी कोणते आहे? विचार करून पाहा. तुमच्या शेजारी बसलेल्या मित्राचे उत्तर कदाचित वेगळे असेल.

आता प्रश्न असा, की माणूस पडद्यावर कसले रूप घेतो? २००७ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ खेळणाऱ्या ५१ जणांचा अभ्यास केला. त्यांनी प्रत्येकाला विचारले, "तुम्ही स्वतः कसे आहात? तुम्हांला कसे व्हावेसे वाटते? आणि तुमचे पात्र कसे आहे?" उत्तरांवरून असे दिसले, की लोक आपले पात्र स्वतःपेक्षा थोडे चांगले बनवतात. ते पात्र त्यांच्या मनातील आदर्श 'मी'च्या जवळचे असते. जे मनाने उदास होते, त्यांच्यात हे अधिक दिसून आले.

तुमचे वय तर आदर्श शोधण्याचेच वय आहे. "मी कोण? मी कसा होईन?" हे प्रश्न तेराव्या-चौदाव्या वर्षी मनात येऊ लागतात. पूर्वीची मुले आरशासमोर उभी राहून क्रिकेटपटूसारखी बॅट फिरवत, शाळेच्या नाटकात सेनापती होत. गावात बहुरूपी आला की त्याच्या मागे धावत आणि घरी येऊन त्याची नक्कल करत. दुसऱ्याचे रूप घेऊन पाहणे ही कपडे अंगाला लावून पाहण्यासारखी गोष्ट आहे. कोणते रूप आपल्याला शोभते, हे त्यातून कळते. पडद्यावरचा अवतार हे त्याच खेळाचे आजचे रूप आहे.

पण येथे एक आश्चर्याची गोष्ट घडते. आपण अवतार घडवतो, तसा अवतारही आपल्याला घडवू लागतो. २००७ सालीच स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी हे प्रयोगाने दाखवले. त्यांनी विद्यार्थ्यांना डोळ्यांवर लावायच्या यंत्राने एका काल्पनिक खोलीत नेले. तेथे कोणाला उंच अवतार मिळाला, कोणाला बुटका. खऱ्या उंचीशी त्याचा काही संबंध नव्हता. मग दोघा-दोघांना १०० डॉलर आपसांत वाटून घेण्याचा खेळ दिला. उंच अवतार मिळालेले विद्यार्थी स्वतःसाठी अधिक वाटा मागू लागले. बुटका अवतार मिळालेल्यांनी अन्यायाची वाटणीही अधिक वेळा मुकाट्याने मान्य केली. दुसऱ्या एका प्रयोगात काहींना देखणा चेहरा दिला. तेव्हा ते समोरच्या माणसाच्या अधिक जवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःबद्दल अधिक मोकळेपणाने बोलले. ग्रीक लोकांच्या कथांत प्रोटिअस नावाचा सतत रूप बदलणारा एक समुद्रदेव आहे. त्याच्यावरून या परिणामाला 'प्रोटिअस परिणाम' असे नाव पडले.

हे वाचताना मला दुकानाच्या पायरीवरचा तो खणखणीत आवाज आठवला. अवताराने त्याला धीर दिला होता.

मित्रांनो, जे धीर देते ते बांधूनही ठेवू शकते, हे विसरू नका. पडद्यावर सगळे मानतात आणि वर्गात कोणी विचारत नाही, असे झाले की माणसाला पडद्याबाहेर यावेसेच वाटत नाही. अभ्यास, झोप, जेवण, घरच्यांशी बोलणे हे सर्व मागे पडते. नुकसान दिसत असूनही खेळ आवरत नाही. अशी स्थिती साधारणपणे वर्षभर टिकली, तर तो एक आजार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या यादीत त्याचा समावेश केला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी असतो, असा याचा अर्थ नाही. पण कोणाची अशी स्थिती झाली, तर त्याला रागावण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे, एवढे आपल्याला कळायला हवे.

दुसरा धोका पैशांचा आहे. खेळ तयार करणाऱ्यांना आपले आणि अवताराचे नाते चांगले ठाऊक असते. म्हणून ते अवतारासाठी नवे कपडे, नवी टोपी, नवी चमकदार शस्त्रे विकायला ठेवतात. त्यांतल्या पुष्कळ वस्तूंनी खेळातली ताकद वाढत नाही, फक्त रूप बदलते. तरी आपण त्या घेतो, कारण आपल्याला वाटते की आपणच नटत आहोत. मराठीत एक म्हण आहे : सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. पडद्यावरचा राजा खोटा असला तरी चालतो. त्याच्या मुकुटासाठी अब्बांच्या खिशातून गेलेले पैसे मात्र खरे असतात.

आता पुन्हा माझ्या विद्यार्थ्याकडे येऊ. इतके वाचल्यावर मी त्याला बोलावले. आधी त्याची क्षमा मागितली. मग म्हणालो, "तुझे ते पात्र कसे होते, ते मला मराठीत लिहून दे. शब्द अडला तर उर्दू शब्द लिही. चुका मोजणार नाही."

तीन दिवसांनी त्याने दीड पान लिहून आणले. सुरुवात कपड्यांपासून होती. काळे जाकीट. लाल बूट, ते ईदीच्या पैशांतून घेतलेले. मग त्याने लिहिले होते, "तो जास्त बोलत नाही. तो सर्वांच्या पुढे चालतो." त्याच्या पुढच्या ओळीत 'तो' नाहीसा झाला होता. तेथे लिहिले होते, "माझा साथी जखमी होऊन पडला तर मी त्याला सोडून जात नाही. मी मागे फिरतो. कधी कधी त्याच्यामुळे मीपण मरतो. तरी जातो."

'तो' कोठे संपला आणि 'मी' कोठे सुरू झाला, हे त्याच्या लक्षातही आले नव्हते. मी त्या 'मी'खाली लाल रेघ मारली. त्याला वाटले, चूक झाली. मी म्हणालो, "ही चूक नाही. हे मला समजावून सांग. मागे फिरायला तुला कोण सांगत होते?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कोणी नाही, सर. पुढे पळालो असतो तर जिंकलो असतो. पण मला आवडत नाही."

जेम्स पॉल गी या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी २००३ साली लिहिलेल्या पुस्तकात नेमके हेच समजावले आहे. खेळताना तीन जण असतात, असे ते म्हणतात. एक, बाहेर बसलेला खरा खेळाडू. दुसरा, पडद्यावरचे पात्र. आणि तिसरा त्या दोघांच्या मधला. माझे पात्र कसे वागावे, हे हा तिसरा ठरवतो. त्याची मूल्ये खेळ बनवणाऱ्याकडून येत नाहीत. ती खेळाडूच्या मनातून येतात. जखमी साथीला उठवण्याची सोय खेळात असते. मागे फिरायचे की नाही, हे मात्र खेळणाराच ठरवतो.

मी त्याला विचारले, "मग तुझ्या फोनमधून काय काय पुसले गेले?"

तो म्हणाला, "जाकीट. बूट. सगळे पॉइंट."

"आणि मागे फिरणे?"

तो काही बोलला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळले, की त्याला उत्तर सापडले आहे.

पुढच्या आठवड्यात मी ते दीड पान त्याला वर्गात वाचायला सांगितले. वाचताना तो दोनदा अडखळला. मागून कोणीतरी हसले. त्याने क्षणभर वर पाहिले आणि पुढे वाचू लागला. एक शब्द अडला, तेव्हा चारपाच मुलांनी तो एकदम सांगितला. तो एका दिवसात बदलला, असे मी म्हणणार नाही. मराठी बोलताना त्याचा आवाज अजून बारीक होतो. पण आता तो दहावीत आहे आणि दुसऱ्या बाकावर बसतो. नवीन आलेला एखादा मुलगा उत्तर देताना अडला, की तो हळूच त्याला शब्द सांगतो. साथी पडला की मागे फिरायची सवय त्याच्यात आहेच.

मित्रांनो, तुमच्या उर्दूत 'किरदार' हा एक सुंदर शब्द आहे. गोष्टीतल्या किंवा नाटकातल्या व्यक्तीला किरदार म्हणतात आणि माणसाच्या चारित्र्यालाही किरदारच म्हणतात. मराठीत 'पात्र' हा शब्द असाच आहे. नाटकातली व्यक्ती म्हणजे पात्र, आणि एखाद्या गोष्टीला जो लायक असतो तोही पात्र.

आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. तुमच्या पडद्यावरच्या किरदाराला तुम्ही कोणकोणते गुण दिले आहेत, ते लिहा. तो शूर आहे का? शांत आहे का? दिलेला शब्द पाळतो का? कपडे आणि शस्त्रे त्या यादीत लिहू नका. ती विकत मिळतात. यादी झाली की त्यांतला एक गुण निवडा आणि उद्या शाळेत येताना बरोबर घेऊन या.

शब्दार्थ

विस्कटलेले – पसरलेले, नीट नसलेले
निमूटपणे, मुकाट्याने – काही न बोलता
खणखणीत – स्पष्ट व मोठा (आवाज)
पुसट – अस्पष्ट, नीट न दिसणारी
आडोसा – मधला पडदा किंवा आड
सांगड घालणे – दोन गोष्टी एकत्र जोडणे
बहुरूपी – निरनिराळी सोंगे घेऊन लोकांची करमणूक करणारा
सोंग – खोटे रूप, वेशांतर
मूल्ये – चांगले-वाईट ठरवणारी तत्त्वे
चारित्र्य – वर्तन, स्वभावातील सचोटी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'अवतार' या शब्दाचा मूळ अर्थ काय आहे?
(आ) विद्यार्थ्याचे पात्र कायमचे का गेले?
(इ) 'प्रोटिअस परिणाम' हे नाव कशावरून पडले?
(ई) लेखकाने कोणत्या शब्दाखाली लाल रेघ मारली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रबरी हाताच्या प्रयोगात काय घडले?
(आ) उंच आणि बुटका अवतार मिळालेल्यांच्या वागण्यात कोणता फरक दिसला?
(इ) लेखकाने विद्यार्थ्याची क्षमा का मागितली असेल?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "तुम्हीच समजवा."
(आ) "तो मी होतो."
(इ) "चुका मोजणार नाही."

प्र. ४. 'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही' या म्हणीचा अर्थ सांगा. अशाच अर्थाची उर्दू म्हण आठवत असल्यास वर्गात सांगा.

प्र. ५. 'तो' ऐवजी 'मी' घालून वाक्ये पुन्हा लिहा.
(अ) तो सर्वांच्या पुढे चालतो.
(आ) तो साथीला सोडून जात नाही.
(इ) तो अडखळला, पण पुढे वाचू लागला.

उपक्रम : तुम्हांला आवडणाऱ्या खेळातील, गोष्टीतील किंवा नाटकातील एका पात्राचे वर्णन आठ-दहा ओळींत मराठीत लिहा व वर्गात वाचून दाखवा.